तो ढीग कुणाचा होता

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोडगोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आज पुरी व्हायची नाही.

माझं अंग महोगनी लाकडाचं, कोपरे पितळेचे, पोटाला लाल चामड्याचा भाता. एकोणीसशे सहा साली पोर्ट हॅलम शहराच्या कचेरीनं मला विकत घेतलं आणि कचेरीचा फोटोग्राफर लडब्रुक याच्या हवाली केलं. नवे पूल, गटारं, ट्रामचे रूळ, मासळीबाजार, सगळं मी टिपलं. महापौर म्हणायचे, "या पेटीनं शहराची शान वाढवली!" मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग पेपरट्री गल्ली पाडून तिथून रुंद रस्ता न्यायचं ठरलं. तिथली घरं राहण्यालायक नाहीत असं फोटोंनी दाखवलं की काम फत्ते. ते काम आरोग्य निरीक्षक ग्रिमंड यांच्याकडे होतं. आणि या शहाण्यानं दिवस निवडला तो सोमवार!

सोमवार म्हणजे आमच्याकडे धुण्याचा दिवस. त्यात पेपरट्री गल्लीतल्या बायका टेकडीवरच्या बंगल्यांचे कपडे धुऊनच पोट भरायच्या. होनोरा टियर्नी त्यांतलीच एक, तीन लेकरांची विधवा आई. धुण्याचा तांब्याचा हंडा तिच्या मागच्या अंगणात बांधून बसवलेला होता. घर गेलं की धंदाही गेला.

आम्हाला पाहताच ती ओले हात पुसत पुढच्या दारात आली. "फोटो काढताय ना? मग समोरून काढा. पायरी बघा, आत्ताच घासलीय. ताट नको, तिच्यावर जेवा!"

"हलू नका हं, बाई," लडब्रुक म्हणाला. तेव्हा फोटो घ्यायला आठ आकडे मोजावे लागत, आणि हललेला माणूस धुरकट यायचा. होनोरा श्वास रोखून उभी राहिली. चुना दिलेली भिंत, खिडकीत लाल फुलांची कुंडी आणि दारात ती. इतकं स्वच्छ चित्र मी जन्मात घेतलं नव्हतं.

"झालं कौतुक? आता मागे चला," ग्रिमंड म्हणाले.

मागे हंडा उकळत होता. साबणाचं पाणी साचलं होतं आणि दाराला लागून मळक्या कपड्यांचा कमरेएवढा ढीग पडला होता.

"अहो, आज सोमवार आहे! उद्या या ना, अंगण लख्ख असेल," होनोरा कळवळून म्हणाली.

"उद्या दुसरी गल्ली आहे."

लडब्रुकनं मान खाली घातली आणि माझ्या भिंगावरचं झाकण काढलं.

तेव्हा फोटो काचेवर उमटायचा; कचेरीत ग्रिमंडनी समोरून घेतलेल्या फोटोच्या काचेवर फुली मारली. लडब्रुकनं गरम पाण्यात सोडा घालून ते चित्र खरवडून टाकलं. नुसती मान खाली घालून काय उपयोग? तोंड उघडायला काय धाड भरली होती?

मार्चमध्ये नगरभवनात सभा भरली. मलाही नेलं होतं. पडद्यावर ते अंगण भिंतीएवढं झळकलं. "बघा, ही माणसं कसल्या घाणीत लोळतात," ग्रिमंड म्हणाले. टेकडीवरच्या बायकांनी नाकाला रुमाल लावले.

मागच्या बाकावरून होनोरा उठली. "रुमाल काढा, बायांनो. तो ढीग तुमचाच आहे."

तिनं पडद्याकडे बोट दाखवलं.

"त्या चादरी टेकडीवरच्या फॅनशॉबाईंच्या. चहा सांडलेला तो टेबलावरचा कपडा महापौरांच्या घरचा. आणि वर ते दोन शर्ट दिसतायत ना, कॉलर काळीकुट्ट झालेले? ग्रिमंड साहेब, ते तुमचे. इस्त्री करून मीच पाठवले. आज अंगात घातलाय तो त्यांतलाच दिसतोय!"

हशा पिकला. ग्रिमंड लालबुंद झाले. मला वाटलं, जिंकली बाई!

कसलं काय! हशा ओसरला, हात वर झाले, ठराव मंजूर. एप्रिलात घर पाडलं, आणि पाडतानाचे फोटोही मेल्यांनी मलाच काढायला लावले. होनोरा हातगाडीवर उखडून काढलेला हंडा आणि धाकटी पोर ठेवून निघाली. जाता जाता माझ्यापाशी थांबली आणि भिंगात बघून म्हणाली, "तू तरी समोरून पाहिलंस ना रे?"

मला तोंड नव्हतं. त्या क्षणाचा राग अजून माझ्या पोटात आहे.

आता मी संग्रहालयात काचेच्या कपाटात असतो. शेजारी त्या अंगणाचं चित्र टांगलंय आणि खाली पाटी आहे: 'गरीब वस्तीतील अस्वच्छता'. शाळेची मुलं "ईऽऽ" करतात आणि पुढे सरकतात.

मित्रांनो, माझं पितळ घासू नका, माझी वाहवा तर मुळीच करू नका. कुणाला घाणेरडं ठरवणारं चित्र दिसलं, तर ते कोणत्या दारातून काढलं आणि कोणत्या दिवशी, एवढं जरूर विचारा. आणि इथे आलात तर ती पाटी बदलायला लावा. भांडा हवं तर! तिथे लिहायला सांगा: हे होनोरा टियर्नीचं अंगण. ती लोकांचे मळके कपडे धुवायची.