चोवीस अंशांचा दगड

सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि पारा चव्वेचाळिसावर गेला होता, तरी क्लाइव्ह हॅरिगनच्या शेडसमोर अर्धं कॉलन्स रिज उन्हात उभं होतं. एरवी ओपल रत्नांच्या खाणींचं हे गाव उन्हाळ्यात डोंगराच्या पोटात कोरलेल्या घरांबाहेर डोकावतही नाही.

"मंडळी, तुमच्या घरात एसी आहे? पंखा आहे?" क्लाइव्हने वीतभर पांढरट दगड डोक्यावर धरला. "बाहेर भट्टी, आत चोवीस अंश! कुणाची करामत? या दगडाची! साठ फूट खोलवरून काढलाय. विजेवरच्या गाडीत बॅटरीशेजारी बसवा, मग बिचारी कधी तापते बघू!"

लोक हसले आणि हसत हसत पाकिटं काढली. जन्मभर ज्यांनी दगडातला गारवा अंगावर घेतला, त्यांना शंका यावी तरी कशी? घर गार राहतं कारण त्यावर अख्खा डोंगर असतो. त्यातला तुकडा उन्हात ठेवलात तर तासाभरात त्यावर अंडं भाजेल. पण एवढा साधा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

वेस्ना बारिच गर्दीपासून दूर, चार्जिंगच्या खांबापाशी उभी होती. चाळीस वर्षं गावच्या दवाखान्यात नर्स, आणि आता रुग्णांना दीडशे किलोमीटरवर डायलिसिसला नेणारी विजेवरची व्हॅन तिच्या ताब्यात. आत म्हातारा स्टेलिओस टोपीने वारा घेत बसला होता.

"सिस्टर, बॅटरीचं तापमान बघा तरी," ड्रायव्हर मिर्को उत्साहाने म्हणाला. त्याने कालच तासभर व्हॅन क्लाइव्हच्या शेडमध्ये दिली होती; क्लाइव्हने पडदा ओढून दगड बसवला होता. "पहाटे चोवीस, काल भर दुपारी चोवीस, आता चार्जिंग संपतंय तरी चोवीस! पंखासुद्धा लागत नाही."

"माझी लेक एलेनी आठलाच निघाली, दोन्ही पोरांना घेऊन," स्टेलिओस अभिमानाने म्हणाला. "तिच्याही गाडीत आहे दगड."

वेस्नाने कान टवकारले. चार्जिंगला लावली की ही व्हॅन पंख्याने गाव डोक्यावर घ्यायची. आज ती गप्प होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी वेस्नाने असाच एक तक्ता पाहिला होता: सकाळी सदतीस, दुपारी सदतीस, रात्री सदतीस. थर्मामीटर बिघडला होता. लेकरू तापाने फणफणत गेलं आणि तक्ता शेवटपर्यंत सदतीसच सांगत राहिला. त्या दिवसापासून न हलणाऱ्या आकड्याची तिला भीती वाटे.

"स्टेलिओस, खाली उतर."

"का? उशीर होतोय की."

"उतर म्हणते ना!"

त्याला सावलीत बसवून तिने सीटखालचा दगड उपसला आणि रस्त्यावर भिरकावला. गर्दी दचकली.

"मिर्को, आकडा वाच."

"चोवीस," मिर्को म्हणाला. "सिस्टर... दगड काढला तरी चोवीस?"

"गारवा मुरलाय आत!" क्लाइव्ह पुढे धावला. "साठ फुटांचा गारवा, असा लगेच जातो होय?"

"मग ठेव हात," वेस्ना म्हणाली. "बॅटरीवरच्या पत्र्यावर. दहा मोजेपर्यंत."

क्लाइव्हने हात खिशात घातले. ते मात्र सगळ्यांना दिसलं.

मिर्कोने पत्रा उघडला. आतून भट्टीसारखी धग आली. बॅटरीचा ताप मोजणाऱ्या सेन्सरची तार तोडलेली होती आणि तिथे तांदळाएवढा रेझिस्टर, कायम एकच रोध दाखवणारा मणी, जोडलेला होता. एवढीच ती करामत. तो मणी गाडीला अहोरात्र एकच सांगत होता, चोवीस. ताप कळलाच नाही, तर थंड पाणी फिरवणारा पंप कशाला चालेल? पंखा कशाला लागेल? बॅटरी मात्र आतून तापतच जाणार, पेट घेईपर्यंत. तेवढी वीज वाचून गाडी थोडी लांब धावे आणि लोक तोही दगडाचा प्रताप समजत.

"किती गाड्या, क्लाइव्ह?"

"एकवीस," तो पुटपुटला.

स्टेलिओस काठी टेकत उठला होता. वेस्नाने व्हॅनमधला वायरलेस उचलला.

"एलेनी, वेस्ना बोलतेय. गाडी थांबव."

बराच वेळ नुसती खरखर. मग हसरा आवाज आला. "वेस्नामावशी? मस्त चाललोय गं. आकडा चोवीस आहे."

"आकडा बघू नकोस. थांब, आणि पायाखालच्या मॅटखाली हात घाल."

पुन्हा खरखर.

"आई गं! भाजलं, मावशी!"

"पोरांना आधी उतरव. पाणी घे आणि शंभर पावलं लांब जा. गाडी राहू दे, तुम्हाला आणायला माणूस पाठवते." मग तिने त्याच वायरलेसवर बाकीच्या सगळ्यांना हाक दिली. "ऐका रे. ज्यांच्या गाडीत दगड आहे त्यांनी थांबा. आकडा काय म्हणतो ते विसरा, क्लाइव्ह काय म्हणतो तेही विसरा. तुमचा हात तुमच्याजवळ आहे. लावून बघा."

एकेक करून उत्तरं येऊ लागली. वेस्ना कागदावर खुणा करत गेली. दुपारी एकपर्यंत वीस झाल्या होत्या. एकविसावी, तिची व्हॅन, समोरच उभी होती.