काचेतली स्टिक

मी ह्यांची बायको होते आठ महिने. क्लबची वहिनी आहे एक्केचाळीस वर्षं. हे चोविसाव्या वर्षी गेले आणि तिथेच थांबले, त्यामुळे मलाही पुढे सरकायची सोय राहिली नाही. साठी कधीच उलटली, गुडघे बोंबलतात, तरी नातवंडं शोभतील अशी पोरं येऊन म्हणतात, "वहिनी, पुढच्या खुर्चीत बसा ना."

दरवर्षी ह्यांच्या नावाने हॉकीचा सामना होतो. मैदानात उतरण्याआधी प्रत्येक खेळाडू क्लबच्या भिंतीवरच्या ह्यांच्या स्टिकला हात लावतो. मग भाषणं. अंगात ताप होता, तरी खेळले, शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि तिसऱ्या दिवशी गेले, एवढं खरं. बाकी आधी तिघांना चकवलं होतं, मग पाच जणांना, यंदा आकडा नवावर गेलाय. पुढच्या वर्षी पंचालाही चकवतील. मी आपली मान डोलावते.

पण ऐकून ऐकून माझ्या डोक्यातले हे पुसले गेले, त्याचं काय? ह्यांचा आवाज आठवायला जावं, तर कानात सेक्रेटरींचं भाषण सुरू होतं. वस्तू म्हणाल तर घरात एक नाही. कपडे सासूबाईंनी नेले, पदकं क्लबने नेली आणि मी तेव्हा भिडेपोटी काही मागितलं नाही. राहिली ती भिंतीवरची स्टिक. तिच्या मुठीची पट्टी मी माझ्या हाताने बांधली होती.

यंदा सेक्रेटरी घरी आले. स्टिक आता काचेच्या पेटीत कायमची बंद होणार होती. ती ह्यांचीच आहे, असं माझ्या सहीचं पत्र त्यांना हवं होतं.

"देते," मी म्हटलं. "पण आधी पाच मिनिटं मला ती हातात हवी. आणि भोवती गर्दी नको."

क्लबच्या मागे स्टिका दुरुस्त करायची खोली आहे, तिथे मला बसवलं. कोपऱ्यात मिस्त्री होते. त्यांना कुणी माणसात धरत नाही, म्हणून बाहेर जा असंही कुणी सांगितलं नाही. स्टिक हातात आली. पट्टीवरून बोट फिरवलं. मग उभी राहून ती जमिनीला टेकवली, तर ती उंच लागली.

हे उंचीने माझ्या कानापर्यंत यायचे. भाषणात काहीही सांगोत. नवी स्टिक आणली की मला ती ओट्यावर दाबून धरायला लावायचे आणि वरून चांगली दोन बोटं कापायचे. मगच मी जुन्या चादरीची पट्टी बांधायची. ही स्टिक अख्खी होती, आणि पट्टी भलत्याच कुणाची.

"ही त्यांची नाही," मी म्हटलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. हातातली कानस त्यांनी खाली ठेवली. "त्याची त्या सामन्यातच मोडली, वहिनी. मूठ-पात्याच्या सांध्यातच गेली होती, जुळण्यासारखी नव्हती. मी चिकटवायचा सरस तापवायला ती शेगडीत घातली. म्हटलं, त्याला नवी करून देऊ. चौथ्या दिवशी सगळे रडत आले, त्याची स्टिक द्या म्हणाले. जाळली म्हणून कसं सांगणार? खुंटीवर होती ती काढून दिली."

"आणि एक्केचाळीस वर्षं गप्प बसलात? पोरं हात लावतात हिला! मी इथे येऊन डोळे पुसते!"

"दरवर्षी बघतो ना मी ते," मिस्त्री म्हणाले. "कुणाला सांगणार? जिथे तिथे त्याचीच गोष्ट."

त्यांना चार शब्द सुनावायचे होते, पण त्यांचं तोंड बघून राहून गेलं. मी विचारलं, "मोडकी स्टिक द्यायला स्वतः आले होते?"

"आला होता की. अंग तापलेलं. म्हणाला, मिस्त्री, हिला लपवा कुठेतरी. बायकोने काल बोटं सोलून घेऊन पट्टी बांधली, आणि आज मी ही मोडून बसलो. घरी नेली तर माझी धडगत नाही."

मी स्टिक बाजूला ठेवली. एक्केचाळीस वर्षांत ह्यांचं एवढंच नवं वाक्य. त्यात गोल नव्हता, मैदान नव्हतं, मी होते.

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं. अगदी तस्संच.

"हे क्लबात कुणाला सांगू नका हं, मिस्त्री. भाषणात घालतील."

सेक्रेटरींच्या पत्रावर मी सही करून टाकली. पोरांना हात लावायला काहीतरी हवंच असतं.

घरी येऊन कुलूप काढलं, चपला कोपऱ्यात सारल्या आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "अहो, रागावले नसते मी."

पण खोटं कशाला बोला? रागावलेच असते. चांगला दोन दिवस अबोला धरला असता, आणि आमच्याकडे होते तीनच.