चावीचं पाणी

डबा खाली गेला आणि तळाला टणकन आपटला. बाईने दोरी हलवून पाहिली, डबा आडवा केला, पुन्हा उभा केला. वर आला तो कोरडाच. ती रस्त्यातल्या त्या चौकोनी खड्ड्यात वाकून बघत राहिली, आणि मग तिने शेजारी उभ्या असलेल्या चावीमामांकडे पाहिलं. एखाद्याची विहीर रातोरात कुणी उचलून न्यावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

उचलून नेणारे चावीमामाच होते. आदल्या दुपारी त्यांनी स्वतः त्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्हच्या मानेतला, पाणी अडवणारा दोर कुजला होता तो काढून नवा भरला होता आणि कित्येक महिन्यांची गळती बंद केली होती. इंजिनिअर साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती. गळतीच्या त्या गढूळ पाण्यावर कुणाची चूल पेटते, हे साहेबांना माहीत नव्हतं आणि मामांनाही नव्हतं. बाई काहीतरी बोलली. त्यातला एकही शब्द मामांना कळला नाही, पण तिने रिकामा डबा उलटा करून दाखवला, ते कळलं.

एकोणतीस वर्षं मामा पाणीखात्यात चावीवाले होते. खांद्यावर आडव्या मुठीची पुरुषभर उंच लोखंडी चावी, खिशात वेळापत्रक. झाकण उघडायचं, चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. तेरा फेरे म्हणजे पूर्ण पाणी. सगळा वॉर्ड त्यांना मामा म्हणायचा, आणि पाणी पाच मिनिटं उशिरा आलं की तोच वॉर्ड त्यांचा उद्धार करायचा. मामांनी कधी कुणाची माफी मागितली नव्हती. "टाकीला जाऊन विचारा," एवढं म्हणून ते पुढच्या झाकणाकडे चालू लागायचे.

बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, सत्तर-ऐंशी माणसं दीड वर्षापासून राहत होती; डबेवाली बाई त्यांच्यातलीच. त्यांच्या देशात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ती इकडे आली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याहून जास्त कुणी विचारलं नव्हतं. वरून कुणीतरी पाहणीला येणार म्हणून खात्याने तिथे घाईघाईने एक नळ बसवला, नळाला व्हॉल्व्ह बसवला, फोटो काढले. पण वॉर्डाच्या सभेत लोक तावातावाने उठले, आमच्याच माणसांना पाणी पुरत नाही म्हणाले, आणि वेळापत्रकात शेडचं नाव काही चढलं नाही. नळ होता, पण त्याला वेळ नव्हती. मामा रोज त्या व्हॉल्व्हवरून पुढे जायचे. वेळापत्रकात नाही ते आपलं काम नाही, अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत होती.

त्या सकाळी मात्र मामा घरी आले आणि चहा घेता घेता बायकोला म्हणाले, "उद्यापासून आपल्या गल्लीचं पाणी पंचेचाळीस मिनिटांनी बंद होईल."

"का? टाकी फुटली?"

"नाही. कागदावर पंचेचाळीसच आहेत."

कागदावर पंचेचाळीसच होती, ही गोष्ट बायकोला लग्नानंतर पहिल्यांदाच कळत होती. मामांच्या गल्लीला रोज सत्तर मिनिटं पाणी यायचं. वरची पंचवीस म्हणजे चावीचं पाणी. ज्याच्या हातात चावी, त्याच्या गल्लीला थोडं जास्त, हा खात्यातला रिवाज. मामांच्या आधीचे चावीवालेही याच गल्लीतले, त्यामुळे गल्लीला ते पाणी आपल्या पुण्याईचं वाटायचं. त्यावर लोकांनी टाक्या बांधल्या होत्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तर गुलाबांचे चाळीस वाफे वाढवले होते.

मामांनी कोरड्या खड्ड्याची हकिकत सांगितली. ती पंचवीस मिनिटं शेडच्या नळाला सोडणार, हेही सांगितलं. आतल्या खोलीत लेक बाळंत होऊन आली होती. बाळ सतरा दिवसांचं होतं आणि दोरीवर लंगोटांची रांग होती.

"अहो, घरात ओली बाळंतीण आहे," बायको म्हणाली. "आधी आपली माणसं बघायची की परकी?"

"आधी आपलीच. पंचेचाळीस मिनिटं आपली आहेतच की." मामांनी कप खाली ठेवला. "त्याच्यापुढचं पाणी कुणाचं, ते इतकी वर्षं मी ठरवत होतो. आणि रोज आपलंच निघत होतं. हे कसं गं?"

"मला काय विचारता? लेकीला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

मामांनी लेकीला सांगितलं. ती बाळाला थोपटत म्हणाली की लंगोट पहाटेच धुऊन टाकू. तिच्या आवाजात नाराजी होती आणि ती तिने लपवली नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी घड्याळ बघून गल्लीचा व्हॉल्व्ह तेरा फेऱ्यांत बंद केला, सात मिनिटं चालत कारखान्यामागे गेले आणि बसवल्यापासून न फिरवलेला, गंजलेला व्हॉल्व्ह खांद्याची ताकद लावून उघडला. नळ आधी खोकला, मग तांबडं पाणी ओकला, मग स्वच्छ झाला. शेडमधून माणसं भांडी घेऊन धावली. मामांकडे कुणी बघितलं नाही. पाणी आल्यावर पाण्याकडेच बघतात.

गल्लीत मात्र भडका उडाला. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं बिघाड झाला, दुसऱ्या दिवशी चूक झाली असं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी खरं कळल्यावर सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मास्तर स्वतः आले. वाचनालयात दर महिन्याला माणुसकीवर व्याख्यान देणारा हा माणूस. माणूस सगळा एकच, सीमा माणसानेच आखल्या, असं ते फार गोड आवाजात सांगायचे, आणि मामा मागच्या बाकावर बसून मनापासून ऐकायचे. मास्तर म्हणाले, तत्त्व बरोबर आहे तुमचं, पण तत्त्वाची सुरुवात सरकारने करायला हवी, एकट्या गल्लीने का? मामा म्हणाले, "मास्तर, माझ्या हातात सरकार नाही. चावी आहे."

आठवड्याभरात तक्रारअर्ज तयार झाला, की चावीवाल्याला हलवा. सह्या घ्यायला लोक घरोघर फिरले आणि मामांच्या दारातही आले, मामा कामावर असताना. बायकोने अर्ज पूर्ण वाचला आणि परत दिला. माझं भांडण आहे त्यांच्याशी, ते मी घरात भांडेन, तुमच्या कागदावर नाही, असं म्हणून तिने दार लावून घेतलं. हे मामांना लेकीकडून कळलं. त्या दिवशी बायकोने मामांचं ताट मात्र आपटूनच समोर ठेवलं.

साहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. समोर अर्ज होता, त्रेसष्ट सह्यांचा.

"शेडचं पाणी वेळापत्रकात नाही," साहेब म्हणाले. "तुला सोडता येणार नाही."

"बरोबर आहे साहेब. गल्लीची पंचवीस मिनिटंही वेळापत्रकात नाहीत."

"अरे, ते चालत आलेलं असतं."

"मग ते चालत आलेलं तुम्ही लिहून द्या. आमच्या गल्लीला सत्तर मिनिटं, खाली तुमची सही. आजच शेडचं बंद करतो."

साहेबांनी पेन उचललं नाही. त्यांच्या स्वतःच्या बंगल्याच्या रस्त्याला किती मिनिटं पाणी येतं, हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं. मामांनी तो विषय काढला नाही. मग सूर बदलून साहेब म्हणाले की शेडला पंचवीस मिनिटं अधिकृत लावून देतो, पण या त्रेसष्ट लोकांना काहीतरी उत्तर द्यावंच लागेल. तुला भांडारात जावं लागेल. निवृत्तीपर्यंत नटबोल्ट मोजायचे. चालेल?

मामांना ते लागलं. चावी सुटेल, हे त्यांनी धरलेलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता, आणि भांडारात बसून त्या खांद्याचं करायचं काय, असा एक वेडगळ विचार त्यांच्या मनात आला. पण आवाज त्यांनी सरळ ठेवला. "आधी वेळापत्रकावर सही करा साहेब. मग बदलीच्या कागदावर मी करतो."

दोघांनी सह्या केल्या, याच क्रमाने.

शेवटच्या सकाळी नवा चावीवाला बरोबर होता, पलीकडच्या वॉर्डातला, चाळिशीचा माणूस. मामांनी त्याला एकेक झाकण दाखवलं, कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठे विंचू निघतात, कुठल्या घरासमोर कुत्रं सोडलेलं असतं. नव्या माणसाने सहज विचारलं, "मामा, चावीचं पाणी कुठे लावायचं?"

"ते आता नाही. संपलं."

"सगळीकडे असतं."

"इथे नाही. वेळापत्रक वाच. शेवटची ओळ."

या सगळ्या समजावण्यात उशीर झाला. कारखान्यामागे पोचेपर्यंत तेरा मिनिटं वर झाली होती. नळाशी भांड्यांची रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी तीच डबेवाली बाई उभी होती. मामांना बघताच ती कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि सुरू झाली. मनगटावर बोट आपटून, नळाकडे हात करून, भांड्यांकडे हात करून ती ताडताड बोलत होती. भाषा अजूनही कळत नव्हती. पण उशीर झाला की आपल्या गल्लीतल्या बायका चावीवाल्याला जशा बोलतात, अगदी तशीच ती बोलत होती.

नवा घाबरून मामांकडे बघू लागला. "हिला सांगा ना, तुम्हीच हे पाणी..."

मामांनी हात वर करून त्याला थांबवलं. चावी खांद्यावरून उतरवली, व्हॉल्व्हवर बसवली आणि तेरा फेरे मोजून फिरवली. पाणी आलं. मग ते बाईकडे वळले आणि आपल्याच भाषेत म्हणाले, "चुकलं बाई. उद्यापासून वेळेवर येईल."

बाई अजून पुटपुटतच होती. तिने डबा नळाखाली धरला. मामांनी चावी पुसली आणि नव्याच्या खांद्यावर ठेवली.