उंबरा एकदाच ओलांडला

आमचा कारखाना सोफा-खुर्च्यांना कव्हर चढवण्याचा. ह्यांच्या मागे मीच चालवते. पोरगा म्हणतो, तो चालवतो. म्हणू दे बापडा.

ह्यांचा एक नेम होता. दर पंधरवड्याला प्रत्येक कामगाराला त्याच्या नावाचा वेगळा चेक द्यायचा. नोटा हातावर ठेवल्या की माणूस मजूर होतो, नावाचा कागद दिला की कारागीर होतो, असं ते म्हणायचे. मी तिसरी शिकलेली, पण चेकवर नावं मीच घालते. आणि चेक दिला की माझ्या वहीत तेवढे पैसे गेले, मग तो वटो न वटो.

बटणवाली खिडकीखाली बसायची. सोफ्याच्या पाठीत रुतलेली गोल बटणं असतात ना, त्यांच्यावर कापड चढवायचं काम तिचं. तीस वर्षं एकच पाट, एकच खिडकी. हल्ली सुई ओवायला ती शेजारणीला सांगायची. मी म्हणायचे, म्हातारपणी नखरे सुचतात हिला.

पोरगा वहीत डोकावत नाही, तो फोनमध्ये बघतो. आमच्या खात्यात पैसे संपले तरी एका हद्दीपर्यंत बँक उचल देते, ओव्हरड्राफ्ट म्हणतात त्याला. एके दिवशी त्याला फोनमध्ये अडीच हजारांच्या आसपास उचल शिल्लक दिसली. त्याने चामडं घेऊन टाकलं. हद्द काठोकाठ भरली. ते पैसे बटणवालीचे होते, हे माझ्या वहीला ठाऊक होतं, फोनला नव्हतं.

कारण तिने तीन महिन्यांत एकही चेक वटवला नव्हता. चारशेचे सहा चेक डब्यात जपून ठेवले होते. मुदत संपत आली तसे तिने सगळे एकाच दिवशी भरले. बँकेने चेक परत पाठवले नाहीत, तेवढा उपकार. पण हद्द ओलांडली म्हणून दर चेकला पाचशे दंड लावला. तीन हजार.

माझ्या तोंडाला कधीच लगाम नव्हता. मी सगळ्यांदेखत तिला फाडून खाल्लं. डब्यात काय चेकची पिल्लं निघणार होती का, असं विचारलं. चेक एकदम का भरले, हे मात्र विचारलं नाही.

ती एवढंच म्हणाली, "माझं नाव होतं वहिनी त्याच्यावर. मोडवेना."

दुसऱ्या दिवशी तिने चोवीसशे रोख आणून माझ्या मेजावर ठेवले. उरलेले सहाशे पगारातून कापा म्हणाली. मी पैसे मोजले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. पुढच्या दोन चेकांतून तीनशे-तीनशे कापले. त्यानंतर ती यायची थांबली. रुसली असेल म्हटलं, बसू दे.

इकडे मी बँकेशी भांडत होते. पोरगा म्हणाला, आई, नियम आहे, सोड. मी कसली सोडते. चार खेपा घातल्या. खिडकीवरचा पोरसवदा साहेब हात जोडून म्हणाला, "आजी, प्रत्येक चेक वेगळा धरतात."

"आजी घरी. इथे मी खातेदार," मी म्हटलं. "मला सांग, उंबरा ओलांडून माणूस घरात आला, की मग तो आतच असतो ना? आत उभ्या माणसाकडून तू पाच वेळा उंबऱ्याचे पैसे कसे घेतोस? आणि चारशेच्या चेकला पाचशे दंड? ज्याची चूक लहान, त्याला शिक्षा मोठी, हा कुठला न्याय?"

रांगेतली माणसं हसली. मला बरं वाटलं. त्याने तक्रार लिहून घेतली. दीड महिन्याने मोठ्या साहेबांनी बोलावलं. पाच दंड माफ, एक कायम. तो एक मीही मानला. हद्द ओलांडली होती, खोटं कशाला बोला.

कागदावर सही घेताना खिडकीवरचा तो पोरसवदा साहेब सहज म्हणाला, "ज्याच्याकडून घेतले, त्याच्याच खात्यात परत जातात पैसे."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. माझ्या खात्यात परत कशाला? माझ्याकडून कुणी घेतलेच नव्हते. बँकेने दंड लावला तो निदान कागदावर लिहून, मला भांडायला खिडकी ठेवून. बटणवालीला माझ्यापुढे कुठली खिडकी होती?

तशीच तिच्या खोलीवर गेले. दार भाचीने उघडलं. तिने दारातच सांगितलं. मावशीच्या डोळ्यांत दाब वाढला होता, ऑपरेशनची तारीख मिळाली होती, त्याच्यासाठी चेक भरले होते. पैसे परत दिल्यावर तारीख गेली. पुढची मिळेपर्यंत उशीर झाला. आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

बटणवाली खाटेवर बसली होती. पावलांवरून तिने मला ओळखलं. "वहिनी, चप्पल अजून घासतच चालता तुम्ही," म्हणाली.

मी चेकबुक काढलं, तीन हजार लिहिले, एक दंड माझा धरून. तिचं नाव घातलं. अक्षरं नेहमीपेक्षा वाकडी आली. चेक तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "माझं चुकलं गं."

ती कागदावरून बोटं फिरवत राहिली, कापडाचा पोत बघावा तशी. मग तिने विचारलं, "नाव कुठे आहे?"

मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.