फकिराच्या डोक्यावरची गॅसबत्ती

मी गॅसबत्ती बोलतेय. पितळी पोटाची, काचेच्या गळ्याची, एकेकाळी गावभर मिरवलेली. हल्ली छत्तीसगडातल्या दुर्गच्या मोहन नगरात एका निवृत्त प्राध्यापकांच्या दारात मी उभी असते. कोणी मला पेटवत नाही. न पेटणाऱ्या बत्तीला दिवसभर उद्योग तो काय, स्वप्नं बघत बसते झालं.

स्वप्नात मी नेहमी चालत असते. मला पाय नाहीत, तरी जन्मभर चालले, ती दुसऱ्यांच्या डोक्यांवरून. मोहाचा वास येत असतो, किडे काचेवर टकटक करतात, घरं सावकाश पुढे येतात आणि मागे जातात. माझ्याखाली एक डोकं असतं, गरम, घामेजलेलं. ते कोणाचं हे मला स्वप्नातही कळतं. मग दारावरची घंटी वाजते आणि मी मोहन नगरात परत येते.

नागपूरच्या बाजारातून आम्ही आठ जणी गवतात गुंडाळून बैलगाडीनं निघालो आणि वैनगंगेकाठच्या एका गावी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी उतरलो. पहिल्यांदा पंप मारून मला पेटवलं तेव्हा माझी जाळी पांढरीशुभ्र फुगली, मी सूं सूं करायला लागले आणि अंगणातल्या बायकांनी डोळ्यांवर पदर घेतला. मला भारी गंमत वाटली. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार शेफारले होते.

वरातीत आम्हाला डोक्यावर घेऊन चालायचं काम वेठीच्या माणसांचं. वेठ म्हणजे मालगुजारानं बोलवायचं आणि यांनी यायचं. मजुरी नाही, आणि आज जमत नाही असं म्हणायची सोयही नाही. सगळ्यांच्या पंगती उठल्या की उरलंसुरलं पानात पडायचं. मालगुजारी तेव्हा कायद्यानं गेली होती, पण गावातून जायची तिला काही घाई नव्हती.

माझ्या वाट्याला फकिरा आला. त्याच्या डोक्याला डावीकडे एक खोलगट जागा होती, तिथं मी नीट बसायचे. मध्ये त्याच्या बायकोच्या जुन्या लुगड्याची चुंबळ. त्याची एक खोड होती. चालताना तो हळूच माझ्याशी बोलायचा, "सांभाळून माय, पुढं खड्डा हाय." चालायचा तो आणि सांभाळायला मला सांगायचा! मला माय म्हणणारा तो एकटाच. मी त्याची वाट बघायला लागले होते.

मालगुजाराच्या घरी एक नियम होता. वरात निघाली की नवी सून उंबरठा ओलांडेपर्यंत बत्ती जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर अपशकुन होतो म्हणे.

आता ती संध्याकाळ सांगते. स्वप्नात मी तिला नेहमी वळसा घालून जाते, आज घालणार नाही.

मालगुजाराचा मुलगा लग्न करून नवरी घेऊन आला होता. वेशीपासून वरात निघायची होती. तिकडे फकिराची बायको भागाबाई सकाळपासून बाळंतपणाला अडली होती. फकिरा दुपारी मालगुजाराच्या कारभाऱ्याकडे सुटी मागायला जाऊन आला होता. कारभारी म्हणाला होता, "बाळंतपण बायका करतात. तुझं तिथं काय काम?" वरात अर्ध्यावर आली आणि फकिराची नऊ वर्षांची पोर, मनकर्णा, धावत आली. तिनं बापाचं धोतर धरलं. "बा, माय बोलावते. बा, लवकर चाल न."

डोक्यावर पेटती बत्ती असली की मान वळवता येत नाही. फकिराला पोरीकडे बघताही आलं नाही. समोर बघतच तो म्हणाला, "मालक, कोनाले तरी द्या न हे." कारभारी म्हणाला, "चाल." वरात तीनदा थांबली, नाचणारे नाचले, नवरदेवावर तांदूळ उधळले गेले. पोर धोतर धरून बाजूनं चालत राहिली. फकिराचं डोकं थरथरत होतं, ते मला तळातून कळत होतं. मी विझायला हवं होतं. काच तडकवून घ्यायला हवी होती. पण मी रोजच्यासारखी लखलखत राहिले, आणि त्याच उजेडात नवी सून उंबरठा ओलांडून आत गेली. तेव्हा कुठे फकिरानं मला खाली टेकवलं आणि पोरीला उचलून पळाला. तो पोचला तोवर भागाबाई गेली होती, पोटातलं बाळही.

फकिरा मला पुन्हा दिसला नाही. पोरीला घेऊन तो आगगाडीनं भिलाईला गेला, तिकडे मोठा कारखाना उभा राहतोय, एवढं कानावर आलं. गावात वीज आली आणि मी माळ्यावर गेले. तिथं मी खूप वर्षं झोपले.

मला जागं केलं ते नरहरी सरांनी. मालगुजाराचे हे नातू. ज्या वरातीत मी तशी लखलखत होते, त्याच लग्नातून यांचा जन्म. दुर्गला कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांनी मला माळ्यावरून दुर्गला आणलं, घासून लख्ख केलं, जाळीच्या जागी छोटा बल्ब बसवला आणि दिवाणखान्यात ठेवलं. माणूस मऊ मनाचा. माझ्यावरची धूळ ते स्वतः पुसायचे.

दीडेक वर्षापूर्वी सरांना मराठी मंडळात व्याख्यान द्यायचं होतं. ज्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून नेलं, पिढ्यान्पिढ्या गुलाम म्हणून राबवलं, त्यांच्या वारसांना आज भरपाई द्यावी का, यावर जगभर वाद चालू आहे, तो त्यांचा विषय. तीन आठवडे ते माझ्यासमोर उभे राहून सराव करत होते. नुसती माफी पुरते का? मेलेल्यांच्या वतीनं द्यायचं कोणी, आणि घ्यायचं कोणी? इतक्या लांबच्या माणसांसाठी ते हळहळत होते आणि मला फकिराची चुंबळ आठवत होती.

व्याख्यानाहून परत आले ते सर कपडेही न बदलता खुर्चीत बसून राहिले. त्यांनी बायकोला, सीमाबाईंना, जे सांगितलं ते मी ऐकलं. प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उभी राहिली होती. दामिनी नाव, भिलाईतल्या खुर्सीपारला राहते, शाळेत शिकवते. ती म्हणाली, "सर, तुमी लय दूरचं सांगितलं, अच्छा लगा. पन जवळचं विचारू का? तुमच्या आईवडिलांची वरात ज्याच्या डोक्यावरच्या बत्तीनं आली न, तो माझा पणजोबा होता. तिकडे त्याची बायको मरून राहिली होती अन् त्याले बत्ती खाली ठेवू नाही दिली. माझी आजी तेव्हा त्याचं धोतर धरून चालत होती. ती अजून आहे. उसका क्या करना है, सर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" सीमाबाईंनी विचारलं.

"अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली," सर म्हणाले. "आणि मला बरं वाटलं, सीमा. वेळ संपली म्हणून मला बरं वाटलं."

आठ दिवसांनी मला टॉवेलात गुंडाळून ते खुर्सीपारला घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर. दामिनीचे वडील हेमराज कारखान्याच्या ड्यूटीवरून नुकतेच आले होते. खाटेवर एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या पुढची. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला धोतर धरून चालणारी पोर दिसली. मला पेट घ्यावासा वाटला, पण पोटात बल्ब होता.

सरांनी मला तिच्यापुढे ठेवलं. "बाई, ही तुमच्या वडिलांची बत्ती. ही तुमच्याकडेच असायला हवी. आणि दामिनीचं लग्न ठरलंय असं कळलं. तो खर्च मला करू द्या."

हेमराज अवघडून गेले. "जाऊ द्या न सर. जुन्या गोष्टी. तुमी कावून मनाले लावून घेता?"

"जाऊ कसं देणार, बाबा?" दामिनी म्हणाली. "आजी को पूछो ना."

मनकर्णाबाईनं मला हात लावला नाही. मग म्हणाली, "हे माह्या बापाची नाई, बाबू. बत्ती तं तुमचीच होती. आमचं फक्त डोस्कं होतं."

इतकी वर्षं मी स्वतःला फकिराची समजत होते. मला फार लाज वाटली.

"पैसे नोको," म्हातारी म्हणाली. "नातीची वरात येईन, तवा हे पेटवून डोस्क्यावर घ्या अन् चाला. नवरदेव मांडवात येईपर्यंत खाली ठेवाची नाई."

सर लगेच हो म्हणाले. घरी आल्यावर मात्र घाबरले. एकाहत्तर वय, मानेला पट्टा. गच्चीवर मला रिकामी डोक्यावर घेऊन ते रोज सकाळी दहा फेऱ्या मारायचे. शेजारच्यांना हा योगाचा काही नवा प्रकार वाटला. खुर्सीपारच्या एका जुन्या कारागिरानं माझा बल्ब काढला, वायसर बदलला, रायपूरहून जाळी मागवली. मी पुन्हा सूं सूं करायला लागले.

दामिनीच्या लग्नाचा गोरज मुहूर्त होता. कारखान्याच्या बाजूचं आभाळ तांबूस झालं होतं. जानवशाच्या घरापासून वरात निघाली. पुढे डीजेची गाडी, तिच्यावर निळे-हिरवे दिवे, आणि त्या सगळ्यापुढे मी, जिची आता कोणालाच गरज नव्हती. पोरं मोबाइल काढून हसत होती, "अंकल, ये तो म्यूझियम में रहती है!" काहींना खरं काय ते कळलं होतं. एक जण म्हणाला, म्हाताऱ्याला कशाला छळता, यानं काय केलं होतं? दुसरा म्हणाला, चालू द्या, एक दिवसच तर चालतोय. जो वाद सर मंडळात करून आले होते, तोच आता पानठेल्यावर चालू होता.

मी मात्र अर्धवट झोपेत गेले होते. डीजे लांब गेला, मोहाचा वास आला, घरं पुढे येऊन मागे जायला लागली. माझ्याखालचं डोकं गरम होतं, घामेजलेलं होतं. पण ते नुसतं हाफत होतं, माझ्याशी बोलत नव्हतं.

मांडव पन्नास पावलांवर राहिला आणि सरांचे पाय लटपटले. हेमराज धावले, "सर, द्या इकडं." सरांनी दिली नाही. तेवढ्यात मांडवातून मनकर्णाबाई काठी टेकत रस्त्यावर आली. वरात थांबली. कोणीतरी डीजे बंद करायला लावला.

"ठेव खाली," ती म्हणाली.

"नाही बाई. मांडवापर्यंत म्हणालो होतो. मी पोचवतो."

"ठेव म्हनते न. तुले ठेवता येते. मी ठेवू नोको म्हनली असती तरी तुले ठेवता आली असती. माह्या बापाले येत नोती. तू मांडवापर्यंत काय, रायपूरपर्यंत चालला तरी त्याच्यावानी नाई चालू शकत. इतकंच तुले समजाव लागत होतं."

सरांनी मला खुर्सीपारच्या रस्त्यावर ठेवलं आणि माझ्याशेजारीच खाली बसले. ते रडत होते. "बाई, फिटलं का हो काही?"

"नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "जेवून जा."

दुसऱ्या दिवशी ते मला न्यायला आले, तेव्हा तिनं एकच अट घातली. "दिवानखान्यात शोभेले ठेवू नोको. दारात ठेव. लोक विचारतीन हे कोनाची. जो विचारीन त्याले खरं सांगजो. माह्या बापाचं अन् मायचं नाव घेऊन सांगजो. एकालेही टाळू नोको. बाकी मले काई नोको." सरांनी तिच्या पायाला हात लावून शब्द दिला.

त्यांनी तो पाळलाही. पेपरवाल्याला सांगितलं, सिलिंडर घेऊन येणाऱ्याला सांगितलं, भाच्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलं. सुरुवातीला अर्धा तास लागायचा आणि आवाज कापायचा. मग दहा मिनिटांत व्हायला लागलं. मग चार वाक्यांत. मी रोज ऐकत होते आणि भागाबाईचं नाव आलं की मला बरं वाटत होतं.

गेल्या महिन्यात सरांच्या नातीला बघायला पाहुणे आले. मोठी माणसं, मोठी गाडी. मुलाच्या वडिलांनी चप्पल काढता काढता विचारलं, "वा, काय सुंदर बत्ती आहे! कुठली हो ही?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे बघितलं.

"अशीच," ते म्हणाले. "आजोबांच्या वेळची. शोभेची आहे. या ना, आत या."

मनकर्णाबाई अजून आहे. थंडीत खुर्सीपारच्या घरासमोर खाट टाकून उन्हाला बसते. मोहन नगरात कोणी दारात थांबलं की आपल्या मायचं नाव निघतं, असं ती धरून चालली आहे.

म्हणून आज मी बोलले. सरांवर रागावू नका, माणूस चांगला आहे, नुसता दमलाय. पण कधी त्या दारावरून गेलात तर थांबा आणि त्यांना विचारा, ही बत्ती कोणाची. ते 'शोभेची' म्हणाले, तर आत जाऊन चहा घेऊ नका. तिथंच उभं राहून पुन्हा विचारा.