चव्वेचाळीस सालचे पाने

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत प्रेमिला मालाच्या बिल्ट्या लिहायची. गोदामामागे कंपनीचं वर्कशॉप होतं. तिथले फोरमन मनोहरराव म्हणजे जुन्या हत्यारांचं वेड असलेला माणूस. भंगारातून आणलेले पाने घासलेटने साफ करायचे आणि भिंतीवरच्या फळीला ओळीने टांगायचे. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी प्रेमिला त्यांची सही घ्यायला गेली, तेव्हा ते दोन ड्रायव्हरांना एक पाना उलटासुलटा करून दाखवत होते.

"कोणी बनवला हे नावावरून कळते. पण केव्हा बनवला? त्याच्यासाठी बाकीचे शिक्के पाहा लागते. मापाचे आकडे लिहायची रीत बदलत जाते. अन् लढाईतला सरकारी माल असला तर काम सोपं. बाणाचं निशाण अन् साल, दोन्ही ठोकलेलं असते."

प्रेमिला सहीचं विसरलीच. तिला घरातली, खाटेखाली सरकवून ठेवलेली लोखंडी पेटी आठवली.

तिचे वडील धोंडबा इंदोऱ्याच्या वस्तीत सायकली दुरुस्त करत. पण तरुणपणी ते सीताबर्डीवरच्या एका गॅरेजमध्ये मोटार मिस्त्री होते, आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगत. सेहेचाळीस साली मालकाच्या विलायती गाडीबरोबर आलेला पान्यांचा संच हरवला. त्याच आठवड्यात धोंडबांच्या पेटीत त्याच कारखान्याचं नाव असलेले पाने निघाले. कामठीच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, तिथे घेतले, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. मालक भैय्याजींनी पोलिसांना बोलावलं नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "ने ते पाने. पण पुन्हा तोंड दाखवू नको."

त्यानंतर कोणत्याच गॅरेजने धोंडबांना उभं केलं नाही. त्यांनी ती पेटी कधी उघडली नाही आणि कधी विकलीही नाही. प्रेमिलाला लहानपणी नळावर कोणीतरी "चोराची पोरगी" म्हटलं होतं. आई, गोपिकाबाई, म्हणायची, "तुहा बाप तसा नाही." प्रेमिला मान डोलवायची. पण तिच्या मनात कुठेतरी संशय होता, आणि त्याची तिला लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी ती पेटी उचलून निघाली, तेव्हा धोंडबा दारातच होते.

"काहून नेऊन राहिली वं ते?"

"फोरमनसाहेबाले दाखवतो, बाबा."

"काय पाहणार हाय ते? राहू दे." पण त्यांनी तिला अडवलं नाही.

मनोहररावांनी तिच्याकडून सगळी हकिकत ऐकली आणि पेटीतला पहिला पाना हातात घेतला. एका बाजूला कारखान्याचं नाव स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या बाजूवर काळ्या रंगाचा जाड थर होता. त्यांनी चिंधी घासलेटात बुडवली, बराच वेळ घासलं, मग तारेचा ब्रश मारला. हळूहळू तीन रेघांचा बाण दिसू लागला आणि त्याच्या शेजारी चार आकडे. १९४४. त्यांनी एकेक करून आठही पाने साफ केले. सगळ्यांवर तोच बाण होता, तेच साल होतं.

"तुमच्या बाबाच्या मालकाची गाडी कोणत्या सालची होती म्हणाल्या?"

"छत्तीसची. बाबा नेहमी सांगतात."

"मग छत्तीसच्या गाडीसंग चव्वेचाळीसचे पाने कसे येतील, बाई? हा लष्कराचाच माल हाय. तुमचे बाबा खरंच बोलत होते."

प्रेमिला तिथेच एका टायरवर बसली आणि रडू लागली. मनोहरराव बाहेर गेले आणि तिच्यासाठी चहा घेऊन आले.

रविवारी ते स्वतः तिच्याबरोबर धरमपेठेत भैय्याजींकडे गेले. भैय्याजींनी ऐंशी ओलांडली होती. त्यांनी भिंग मागवलं, पाना खिडकीपाशी नेला आणि ते साल पुन्हा पुन्हा वाचलं.

"कामठीचं नाव त्यानं तेव्हाच घेतलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकूनच नाही घेतलं. मले त्याच्याकडे घेऊन चाला."

रिक्षा इंदोऱ्यात दुकानापुढे थांबली, तेव्हा धोंडबा एका वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ करत होते. भैय्याजी काठी टेकत उतरले. शेजारपाजारचे लोक जमले. भैय्याजी मोठ्याने म्हणाले, "तीस वर्षांमागं मी या माणसाले चोर म्हटलं. त्यानं चोरी केली नव्हती. चूक माही होती."

धोंडबांनी हात पुसले, आपलं स्टूल झटकलं आणि पुढे सरकवलं.

"उन्हात उभे नका राहू, भैय्याजी. बसा."

त्या संध्याकाळी प्रेमिला त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, मलेही कधी कधी खरं वाटत नव्हतं."

"माहीत हाय मले," धोंडबा म्हणाले. "तरी तूच घेऊन गेली न पेटी?" आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मनोहररावांनी त्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. साठीच्या धोंडबांनी बंद पडलेल्या एका ट्रकच्या बॉनेटखाली डोकं घातलं आणि तासाभरात दोष शोधून काढला. तेव्हापासून ते आठवड्यातून तीन दिवस वाडीला जाऊ लागले.

महिन्याने त्यांनी मनोहररावांना जेवायला बोलावलं. गोपिकाबाईंनी कोथिंबीर भरून सांबारवड्या तळल्या होत्या. धोंडबा स्वतः वाढत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. "साहेब, तुम्ही..." एवढं म्हणून ते थांबले आणि एक वडी ताटात ठेवली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा एक वडी ठेवली.

"यायले बोलता येत नाही जी," गोपिकाबाई आतून म्हणाल्या. "तुम्ही वड्याच मोजा."

मनोहरराव हसले. ताटात पाच वड्या झाल्या होत्या. त्यांनी एकीलाही नाही म्हटलं नाही.