चारकोपच्या गच्चीवरची रेडिओपेटी

मित्रांनो, मी उन्हाने पिवळी पडलेली एक रेडिओपेटी आहे. माझ्यात सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. एका यंत्राने पाठवलेला लेखी निरोप पकडायचा आणि पुढच्या यंत्राकडे धाडायचा, एवढंच माझं काम.

मला अंबादासकाकांनी चारकोपच्या घरात, जेवणाच्या टेबलावर जोडलं. काका टेलिफोन खात्यातले, भारी बोलके. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मित्रांत बसून वहीवर लिहून दाखवेपर्यंत विषय पुढे सरकलेला असे. मग त्यांनी जाणंच सोडलं. पुढे कुठेतरी माझ्यासारख्या पेट्यांवरून निरोप धाडण्याच्या छंदाबद्दल वाचलं. इथे सगळेच लिहून बोलतात, हे त्यांना फार आवडलं. खिशात मावणारी दोन यंत्रं त्यांनी आणली. एक स्वतःला, दुसरं पवईच्या जुन्या दोस्ताला, प्रबुद्धकाकांना.

चार दिवस काहीच पोचेना. मध्ये डोंगर, इमारती. शेवटी काकांनी मला गच्चीवर टाकीच्या पाइपाला उंच बांधलं, शेजारी सौरपट्टी लावली आणि लिहिलं, "जयभीम प्रबुद्ध. ऐकू येतंय का रे?"

मी निरोप पुढे धाडला. उत्तर आलं, "जयभीम! एकदम लख्ख. बोल!"

मालनकाकू कपडे काढायला वर आल्या होत्या. नवऱ्याला हसताना बघून त्या तिथेच बसल्या.

दोन वर्षं दोघांच्या गप्पा रोज माझ्यातून गेल्या. घाटकोपरचे, मुलुंडचे हौशीही जोडले गेले.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीची गळती थांबवायचं काम निघालं. कामगारांनी मला सोडवून टाकीमागे सावलीत ठेवलं. ही कुणाची, असं कुणी विचारलं नाही. तीन दिवसांत माझी बॅटरी संपली.

पुढचं मला कळलं ते महिन्याने, प्रबुद्धकाकांनी मला पुन्हा चालू केलं तेव्हा. मालनकाकू त्यांना सांगत होत्या, "लिफ्ट बंद होती, भाऊजी. यांना म्हटलं, फोनवर लिहा ना भाऊजींना. ऐकतात कुठे! पेटी बघायला सात मजले चढले. जिन्यातच छातीत कळ आली. सगळ्यांची दारं उघडी होती हो. एक हाक मारता आली असती तर..."

प्रबुद्धकाकांनी माझ्यावरची धूळ झटकली.

"घेऊन जा ती पेटी," काकू म्हणाल्या. "मला बघवत नाही."

आता मी पवईच्या गच्चीवर आहे. मला ऐकू आलेल्या यंत्रांच्या यादीत अंबादासकाकांच्या यंत्राचं नाव अजून आहे. किती दिवसांपूर्वी शेवटचं ऐकू आलं, तो आकडा पुढे वाढत जातो. प्रबुद्धकाका ती यादी उघडतात, बघतात, पण नाव पुसत नाहीत.

मित्रांनो, गच्चीवर, जिन्यात एखादी अनोळखी वस्तू अडचणीची वाटली, तर हलवण्याआधी दोन दारं वाजवा. कुणाची आहे, एवढं विचारा.